जुना फोन गाडीत कायमचा बसवताना

प्रश्न : जुना स्मार्टफोन गाडीत फक्त रस्ता दाखवायला कायमचा बसवायचा आहे. तो सतत चार्ज राहावा म्हणून गाडीच्या बॅटरीवरून थेट वायर ओढू का? मित्र म्हणतो, फोनची बॅटरीच काढ आणि बाहेरून सप्लाय दे.

उत्तर : दोन्ही नको. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, म्हणून आधी हिशेब सांगतो. स्क्रीन बंद असतानाही कन्व्हर्टर (गाडीचे १२ व्होल्ट फोनच्या ५ वर आणणारा डबा) आणि फोन मिळून ५० मिलिअँपिअर घेत असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतला साठा मोजायचं एकक) जातात. गाडी दोन आठवडे उभी राहिली, तर ४५ अँपिअर-अवरच्या बॅटरीतला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त चार्ज संपला. स्क्रीन चालू राहिली तर दोन-तीन दिवसांतच स्टार्टर फिरायचा नाही.

म्हणून किल्ली फिरवल्यावरच सप्लाय मिळेल, अशा फ्यूजवर फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून तिथून वेगळी वायर काढून देणारा जोड) लावा. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका. टॅपमध्ये ३ अँपिअरचा फ्यूज घाला आणि पुढे १२ चे ५ व्होल्ट करणारा चांगला कन्व्हर्टर जोडा. इंजिन चालू असताना १४ व्होल्टच्या आसपास येतात, स्टार्ट मारताना १० च्याही खाली जाऊ शकतात; हे चढउतार त्याला झेपले पाहिजेत. यूएसबी केबल जाड आणि आखूड घ्या. बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं, मग फोन चार्जिंगला असूनही उतरत जातो.

फोनची बॅटरी राहू द्या. नेटवर्क शोधताना फोन क्षणभर मोठा करंट ओढतो, तो तीच पुरवते. शिवाय तिच्या जादा पिनांवरून फोन तापमान वाचतो. ते मिळालं नाही तर बरेच फोन सुरूच होत नाहीत.

मला खरी काळजी उन्हाची वाटते. लिथियम बॅटरीला पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र सोसत नाही. आयफोन ठेवण्यासाठी अ‍ॅपलने दिलेली मर्यादा ४५ अंश सेल्सिअस आहे, आणि बंद गाडीचा डॅशबोर्ड कडक उन्हात ६० च्या पुढे जातो. त्यामुळे वायर आणि होल्डर कायमचे बसवा, फोन मात्र उतरताना काढून घ्या. एवढं एक केलंत तरी त्याचं आयुष्य वाढेल. होल्डर काचेवर लावण्यापेक्षा एसीच्या जाळीसमोर बरा. फोनमध्ये सोय असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा.

सिमची गरज नाही. नकाशे आधीच उतरवून ठेवले की जीपीएस त्याच्याशिवाय चालतो, फक्त वाहतूककोंडी दिसणार नाही. एअरप्लेन मोड लावलात तर फोन कमी तापतो.

मागचं झाकण उचललेलं किंवा स्क्रीन कडेने सुटलेली दिसली, तर बॅटरी फुगली आहे. त्या दिवसापासून तो फोन चार्जिंगला लावू नका; दाबून बसवायचा प्रयत्नही नको.