वाचक विचारतात: पुस्तकातलं जंगल आणि आपलं जंगल

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, आयटीत आहे, ट्रेकिंग सात-आठ वर्षं करतोय. लॉकडाऊनमध्ये बुशक्राफ्टचं, म्हणजे जंगलात कमीत कमी साधनांवर राहण्याच्या कलेचं, वेड लागलं, तीन जाडजूड इंग्रजी पुस्तकं मागवली, अक्षरशः पेन्सिलीने खुणा करून वाचली. यंदा जूनमध्ये कर्जतजवळ मित्राच्या फार्मवर धनुष्याने लाकूड फिरवून आग पेटवायला बसलो. दोन तास घासलं, तळहाताला फोड आले, धूरसुद्धा निघाला नाही आणि शेवटी मित्राच्या आईने लायटर आणून दिला. हे पुस्तकातून जमण्यासारखं आहे का, की सरळ क्लास लावू?

जमतं हो. पण आधी एक काम करा, ती तिन्ही पुस्तकं कुठल्या जंगलात बसून लिहिलीयेत ते बघा. माझा अंदाज, कॅनडा, अमेरिका नाहीतर इंग्लंड. तिथल्या माणसाने तिथल्या झाडांबद्दल लिहिलंय, ते त्याच्यापुरतं बरोबरच आहे, आपणच ते कर्जतला नेऊन जूनमध्ये घासत बसतो. जूनमध्ये आपल्याकडे पापडसुद्धा डब्याबाहेर तासाभरात मऊ पडतो, तिथे लाकूड काय पेटणार! यज्ञात अरणी घुसळून अग्नी काढतात ते कधी बघायला मिळालं तर जरूर बघा, एक जण वरून दाबून धरतो, दुसरा दोरी ओढतो, आणि लाकूड आधीपासून कोरडं जपलेलं असतं, तरी वेळ लागतो. तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये करा, पूर्ण वाळलेलं हलकं लाकूड घ्या, आणि निखारा पडला की तो धरायला गोवरीचा चुरा आणि पिंजलेला काथ्या हाताशी ठेवा. सावरीचा कापूस फोटोत छान दिसतो पण भुर्रकन जळून जातो, एकटा वापरू नका. आणि खरं सांगू का, आपल्याकडे जुनी माणसं धनुष्यबिनुष्य करत नव्हती, गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस, झाली चकमक. ती आधी शिका, एका रविवारात हात बसतो.

दिशांचं प्रकरणही असंच. पुस्तकात ध्रुवतारा कसा मस्त वर टांगलेला दाखवतात, कारण ध्रुव क्षितिजापासून किती वर दिसणार हे तुमच्या अक्षांशावर ठरतं. तिकडे तो ४०-५० अंशांवर असतो, आपल्याकडे १८-१९. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण १० अंशांची होते, म्हणजे आपला ध्रुव दोन मुठींच्याही जरा खालीच, आणि उत्तरेला एखादी डोंगररांग आली की संपलं, दिसतच नाही. शिवाय हिवाळ्यात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठा या तारकासमूहावरून ध्रुव शोधायला शिका. घड्याळाचा काटा सूर्याकडे धरून दक्षिण काढायची युक्ती तर आपल्याकडे मे ते जुलै चक्क फसवते. शून्य सावलीचा दिवस माहितीये ना, पुण्या-मुंबईकडे मेच्या मध्याला येतो, त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, मग काट्यावरून काढलेली दक्षिण कुठली असेल ते तुम्हीच ठरवा. आणि शेवाळ उत्तरेच्या बाजूला असतं म्हणे! ऑगस्टमध्ये आमच्या सोसायटीच्या भिंतीला चारी बाजूंनी असतं.

मग पुस्तकांचा उपयोग काय? आहे, भरपूर आहे. गाठी पुस्तकातून उत्तम येतात, सुरगाठ आणि निरगाठ तर घरात आईलाही येत असतात, पुढच्या चार-पाच चित्र बघून टीव्हीसमोर बसून करा, मग डोळे मिटून करा, मग बाथरूममध्ये हात ओले करून करा, कारण खरी वेळ येते तेव्हा पाऊस असतोच. ताडपत्री बांधणं गच्चीवर जमतं. पाण्याचंही पुस्तकातून कळतं, पण काही जुन्या पुस्तकांत दहा मिनिटं उकळा म्हणतात तेवढा गॅस जाळू नका. पाणी खळखळून उकळायला लागलं की एक मिनिट पुरे, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं, आणि आपलं कळसूबाईच १६४६ मीटर आहे. टाक्यातलं पाणी गढूळ असेल तर आधी पंचाच्या दोन-तीन घड्यांतून गाळून घ्या. एका वेळी एकच गोष्ट धरा, महिनाभर तीच. लोक एका वीकेंडला आग, झोपडी, सापळा सगळं करायला जातात आणि काहीच येत नाही.

रानभाज्यांच्या बाबतीत मात्र पुस्तक मिटून ठेवा, मी इथे जरा कडकच बोलणार आहे. त्या पुस्तकांत एक 'चाचणी' असते, पान आधी कातडीला लावा, मग ओठाला, मग जिभेवर, मग थोडं खाऊन काही तास थांबा. आपल्याकडे हे करू नका. कळलावीचं फूल इतकं देखणं असतं की हात जातोच, आणि तिचा कंद जीव घेऊ शकतो. उलट शेवळं बघा. पहिल्या पावसात ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, तुमच्या चाचणीत शेवळं नापास होतील कारण नुसती खाल्ली तर घसा असा खाजतो की विचारू नका (मी खाल्लीयेत, कॉलेजात असताना, शहाणपणा म्हणून). पण त्याच बायका शेजारी काकडं (आंबट रानफळं) पण विकतात, ती का विकतात ते विचारा. शेवळाच्या आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि काकडं ठेचून घालायची, त्या आंबटपणाने खाज मरते, आणि मग भाजी अशी लागते की मटण बाजूला ठेवाल. हे मला पुस्तकातून नाही, एका मावशींनी वीस रुपयांच्या जुडीबरोबर फुकट सांगितलं. क्लासचं विचारलंत ना, पावसाळ्यात चार रविवार अशा बाजारात घालवा, आणि जे त्यांनी स्वतः हातात देऊन 'खा' म्हटलं तेवढंच खा.

आणखी एक, फार्मवर केलंत ते बरं केलंत. पुस्तकात बिनधास्त लिहिलेलं असतं की कोवळी झाडं तोडा, शेकोटी पेटवा. आपल्याकडे राखीव जंगलात १९२७ च्या वन कायद्याने आणि अभयारण्यात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आग लावणं गुन्हा आहे. भीमाशंकर अभयारण्य आहे, कळसूबाई-हरिश्चंद्रगड पण. आणि कड्याखाली धूर केलात नि वर आग्यामोहोळ असलं तर वनरक्षक यायच्या आधी माश्या येतील.

प्रश्न : काका, मी बारावीत आहे, संगमनेर. आमच्या शाळेच्या लायब्ररीतल्या जुन्या स्काउटिंगच्या पुस्तकात साप चावला तर वर घट्ट बांधा, चिरा द्या आणि रक्त चोखून थुंका असं आहे. हे खरं आहे का? विंचवाचं पण सांगा.

नाही रे बाबा. चिरा नको, चोखणं नको, करकचून बांधणं तर अजिबात नको. अंगठी, कडं, घड्याळ काढ, कारण सूज येते. हात किंवा पाय मोडल्यावर जसा फळी लावून स्थिर ठेवतात तसा ठेव, चालत नेऊ नका, १०८ ला फोन आणि जिथे प्रतिविष आहे त्या हॉस्पिटलला. साप पकडून न्यायची गरज नाही, आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून बनवलेलं असतं. मण्यार रात्री झोपेत चावते आणि फारसं दुखत-सुजत पण नाही, म्हणून गुहेत उघड्यावर झोपायचं नाही, तंबूची चेन बंद. लाल विंचवाचं म्हणशील तर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे ब्लडप्रेशरचं औषध त्यावर वापरून दाखवलं, पण ते डॉक्टरने द्यायचं असतं, तू दप्तरात ठेवायचं नाही. आणि ते पुस्तक सरांना दाखव, त्या पानावर निदान एक चिठ्ठी चिकटवायला सांग.

प्रश्न : आम्ही कॅल्गरीला असतो. मुलाला घेऊन कॅम्पिंगला जातो. भारतातून येताना तुमच्या आधीच्या अंकातलं वाचून घोंगडी आणली, बायको हसते. इथे काय शिकू?

घोंगडीला हसू नका म्हणावं, लोकर ओली झाली तरी ऊब धरते, कॉटनची जीन्स धरत नाही. बाकी तुमची मजा आहे, वर डोंबिवलीकरांना जी पुस्तकं नडली ती तुमच्याच भागाला लागू पडतात. बर्चची साल तेलकट असते, ओली असली तरी पेटते, पण जमिनीवर पडलेली वेचा, उभ्या झाडाची सोलू नका, आणि उन्हाळ्यात आगबंदी लागलीये का ते आधी बघा. अस्वलांचं मला विचारू नका, तिथल्या पार्कवाल्यांना विचारा. मुलाला ध्रुव दाखवा, तुमच्याकडे पाच मुठी वर आहे.