सायनोटाइपचं द्रावण कालवून का ठेवू नये?

प्रश्न: मी सायनोटाइप छपाई, म्हणजे उन्हानं कागदावर निळा छाप उमटवायची पद्धत, शिकतो आहे. रोज मोजामाप नको म्हणून दोन्ही द्रावणं (फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड) एकाच बाटलीत कालवून ठेवली. आता छापातले पांढरे भाग निळसर येतात आणि बाटलीत बुरशी दिसते. प्रमाण चुकलं का? शिवाय ‘सायनाइड’ वाचून घरचे धास्तावलेत.

उत्तर: प्रमाण नव्हे, तुमचा आळस नडला! जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं 1842 साली ही पद्धत शोधली, तिची गंमतच अशी की फेरिक लोहाचं फेरस (लोहाचीच दोन रूपं) झालं की ते फेरीसायनाइडशी जुळून प्रशियन ब्लू हा गडद निळा रंग बनतो. हे काम उन्हानं कागदावर करायचं असतं. कालवलेल्या बाटलीत ते अंधारातही हळूहळू चालूच राहतं.

म्हणून बाटल्या दोन, त्याही गडद रंगाच्या. एकीत 25 ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत 10 ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. आता नीट वाचा, इथे बरेच जण घसरतात: आधी साधारण 70 मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये प्रत्येक पूड वेगवेगळी विरघळवायची, मग पाणी घालून एकूण द्रावण 100 मिलीपर्यंत न्यायचं. 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम टाकलं तर द्रावण 100 मिलीच्या वर जातं आणि पातळ होतं. लागेल तेवढंच, समसमान घेऊन, मंद पिवळ्या दिव्याखाली कालवा. वहीच्या पानाएवढ्या कागदाला 2-3 मिली पुरतं. भांडी काचेची किंवा प्लास्टिकची. ब्रशला लोखंडी पट्टी नको.

बुरशी सायट्रेटवर धरते. त्या बाटलीत धरली तर फिल्टर पेपरमधून गाळून वापरा, फारसं बिघडत नाही. कालवलेलं मात्र टाकून द्या.

दोष द्रावणाचा की कागदाचा, हे असं कळेल: ताजं द्रावण लावून कागद अंधारात वाळवा आणि उन्हात न नेता थेट धुवा. पांढरा निघाला तर सगळं ठीक. निळा राहिला तर कागद बदला; आणि फेरीसायनाइडचे खडे लालभडक आहेत ना, तेही पाहा.

घरच्यांना सांगा, फेरीसायनाइडमधलं सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं. पण तीव्र आम्ल किंवा जोरदार उष्णता मिळाली तर विषारी वायू सुटू शकतो. तेव्हा संडास धुवायच्या ॲसिडजवळ ही बाटली ठेवू नका, हातमोजे घाला आणि स्वयंपाकाचे चमचे, वाट्या यात अजिबात आणू नका.