पट्टीच्या तळाची ओळ

प्रश्न : मी मोर्शी तालुक्यातला संत्रा बागायतदार. आमच्या गटाने मागच्या आंबिया बहाराचा माल दुबईच्या एका व्यापाऱ्याला पाठवला. आगाऊ रक्कम आली, उरलेले 18 लाख अडकले. ‘माल खराब निघाला’ एवढंच तो म्हणतो. आम्ही जिल्ह्याच्या व्यापारी न्यायालयात दावा लावला, तर ‘करारानुसार दुबईला जा’ म्हणून तो परत आला. माल इथला, पैसा इथल्या बँकेत यायचा. मग आमच्याच कोर्टाने आम्हाला का हाकललं? अपील करावं का?

उत्तर : भाऊ, पत्राबरोबर आलेली कराराची झेरॉक्स मी दोनदा वाचली. पहिल्या पानावर भाव, क्रेट, वजन ठळक आहे. मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ : ‘वाद दुबईच्या न्यायालयांच्या अधिकारात राहतील.’ खाली तुमच्या अध्यक्षांची सही. दावा अडला तो इथेच.

माझे वडील दिल्लीच्या एका आडत्याकडे संत्रा पाठवायचे. त्याच्याकडून येणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदाच्या, तळाशी ‘दिल्ली न्यायक्षेत्र’ छापलेलं असायचं. एका वर्षी पैसे बुडाले, तेव्हा घरात ती ओळ पहिल्यांदा वाचली गेली. म्हणून तुमचं पत्र बाजूला ठेववेना.

ती ओळ नसती तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 खाली दावा इथे लावता आला असता, कारण वादाचं कारण थोडं तरी इथे घडलंय. पण कोर्ट कुठलं, हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवलं असेल तर आपली कोर्टं ते सहसा मोडत नाहीत. परदेशी कोर्टही असं ठरवून घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये मोदी एंटरटेनमेंटच्या खटल्यात मान्य केलं आहे.

करारात ‘फक्त’ हा शब्द नाही, असं तुमचे वकील म्हणतात. 1989 च्या एबीसी लॅमिनार्टच्या निकालात हाच मुद्दा चालला होता. करारात गुजरातमधल्या खेडा गावाचं न्यायक्षेत्र लिहिलं होतं, पण ‘फक्त’ नव्हतं, म्हणून तामिळनाडूतल्या सेलमच्या कोर्टाचा अधिकार शाबूत राहिला. पुढे 2013 च्या स्वस्तिक गॅसेस निकालाने तो आधार बराच सैल केला. ‘फक्त’ हा शब्द नसला तरी, लिहिलेलं तेवढंच कोर्ट हवं होतं, असा हेतू धरतात. व्यापारी न्यायालयाच्या आदेशावर 60 दिवसांत अपील करता येतं. पण मी तुमच्या जागी असते तर तो पैसा दुबईच्या वकिलावर घातला असता.

कारण, समजा इथे जिंकलात. वसुली कशावर करणार? त्याचं गोदाम, खातं, सगळं तिकडे. दुबई ज्यात येते त्या अमिरातीशी भारताने 1999 मध्ये केलेल्या करारामुळे आपल्या कोर्टाचा हुकूमनामा तिथे नेता येतो, पण तो देणाऱ्या आपल्या कोर्टाला अधिकार होता का, हे तिथलं कोर्ट तपासतंच. ही ओळ तिथेही आडवी आली असती.

वेळ मात्र दवडू नका. इथे पैशाच्या दाव्याला 3 वर्षं मिळतात, आणि अधिकार नसलेल्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला काळ मुदत कायद्याच्या कलम 14 खाली वजा होतो. ही सवलत आपल्या कोर्टांपुरती. दुबईत तिथल्या कायद्याची मुदत चालेल, आणि तिचे दिवस आजही सरताहेत.

माल खराब नव्हता, हे दाखवणारे कागद आजच गोळा करा : फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (फळं कीडरोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल मिळाल्याची पावती), कंटेनरच्या तापमानाची नोंद, माल भरतानाचे फोटो, त्याच्याशी झालेलं व्हॉट्सॲपचं बोलणं. मेसेज एकही पुसू नका. माल उतरल्यावर किती दिवसांनी त्याने पहिली तक्रार केली, ती तारीख शोधा. आठवडे लोटले असतील तर ती तारीखच तुमच्या बाजूने बोलेल.

पुढच्या बहाराला बँकेचं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे ठरलेले कागद दिले की पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी, आल्याशिवाय कंटेनर हलवू नका; ईसीजीसी या निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडेही चौकशी करा. तिकडच्या कोर्टात कागद अरबीत लागतील. भाषांतराला प्रत द्या, मूळ करार मात्र गटाच्या कपाटातच राहू द्या.