आधी भानुमती, मग गाणं

प्रश्न : माझी आई ‘माझिया माहेरा जा’ सुरेख गुणगुणते. ती म्हणते, ज्योत्स्ना भोळे मूळच्या नाटकातल्या. मला तर त्यांची भावगीतंच ठाऊक. त्या खऱ्या अभिनेत्री होत्या, की गळा चांगला म्हणून नाटकात घेतलेल्या? मी गाणं शिकते, म्हणून विचारते.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आईंचं अगदी बरोबर आहे. गोव्यातल्या बांदिवड्याची दुर्गा केळेकर ही मुलगी मुंबईत आली, आग्रा घराण्याच्या शास्त्रीय गाण्याची तालीम घेतली आणि केशवराव भोळ्यांशी लग्न झाल्यावर ज्योत्स्ना भोळे झाली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेचं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आलं, त्यात त्यांनी बिंबाची भूमिका केली. बालगंधर्व तेव्हा अजून स्त्रीभूमिका करत होते, हे लक्षात घ्या. नाटकात पदं मोजकीच, केशवरावांच्या चाली भावगीताच्या वळणाच्या. ‘वन्समोअर’साठी पद लांबवायची सोयच नव्हती. तालमीचा गळा असून तो आवरायचा, हे मला ताना घेण्यापेक्षा अवघड वाटतं.

पण त्यांची खरी भूमिका ‘कुलवधू’तली भानुमती. १९४२, मो. ग. रांगणेकरांचं नाटक, मास्टर कृष्णरावांचं संगीत. भानुमती घर चालवण्यासाठी सिनेमात काम करते, आणि तिचं नाव होणं नवऱ्याला सलतं. ही व्यथा एका गाणाऱ्या, काम करणाऱ्या बाईनंच रंगवायची होती! ‘क्षण आला भाग्याचा’ आणि ‘बोला अमृत बोला’ ही पदं आज मैफलीत नाटकापासून सुटी करून गातात. माझ्या क्लासातल्या मुलीही तशीच गातात, आणि मी दर वेळी त्यांना थांबवून विचारते, ‘हे कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय?’ ज्योत्स्नाबाईंच्या ध्वनिमुद्रिकेत शब्द असा येतो, की समोर कुणीतरी उभं आहे असं वाटतं. नुसता गळा पाहून घेतलेली बाई असं गात नाही.

पुढे मामा वरेरकरांच्या ‘भूमिकन्या सीता’तलं ‘मानसी राजहंस पोहतो’ आहे. ‘आला खुशीत समिंदर’ आहे; तो कोळीगीताचा बाज, तिथे आवाज एकदम मोकळा सुटतो. आत्मकथन लिहिलं, नाटकही लिहिलं. पुण्यात त्यांच्या नावाचं सभागृह आहे.

आता तुमच्या आईंचं गाणं. शब्द राजा बढे यांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची. सासरी असलेली मुलगी पाखराला माहेरी धाडते आहे. म्हणजे हाही संवादच, फक्त दुसरं पात्र पंखांचं. तुम्ही हे गाणं बसवणार असाल तर पेटी बंद ठेवा. आधी सगळे शब्द तीनदा मोठ्यानं वाचा, पाखराशी बोलल्यासारखे. मग मूळ ध्वनिमुद्रिका लावा आणि त्या श्वास कुठे घेतात तिथे कागदावर पेन्सिलीनं खूण करा. हरकती, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, चौथ्या दिवशी. आईंना शेजारी बसवा, त्यांना खुणा तुमच्याआधी सापडतील.