वाचकांच्या शंका: डावा हात उजव्याला वरचढ कसा ठरला?

प्रश्न : प्रकल्पासाठी आम्ही 24 जणांचा प्रतिक्रिया-काळ मोजला. दुसऱ्याने अचानक सोडलेली 30 सेंमीची पट्टी प्रत्येकाने आधी उजव्या हाताने पाच वेळा पकडली (ती जितकी कमी घसरेल तितका हात जलद), मग लगेच डाव्या हाताने पाच वेळा. सगळे उजव्या हाताचे, तरी डावा हात जलद निघाला. पट्टी हातातून निसटली त्या नोंदी आम्ही गाळल्या आहेत. हा निष्कर्ष लिहावा का? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : लिहू नका. तुम्ही डावा हात मोजलेला नाही, सहावी ते दहावी खेप मोजली आहे. पहिल्या पाच खेपांत प्रत्येकाचा सराव झाला आणि त्याचा फायदा डाव्या हाताच्या पदरात पडला. यावर उपाय सोपा आहे. चिठ्ठ्या टाकून 12 जणांना उजव्या हाताने सुरुवात करायला लावा, उरलेल्या 12 जणांना डाव्याने. त्याआधी दोन्ही हातांच्या तीन-तीन खेपा नुसत्या सरावाच्या घ्या आणि त्या मोजू नका. शेवटी सगळ्या उजव्या नोंदींची सरासरी एकीकडे आणि डाव्यांची दुसरीकडे असे करू नका. प्रत्येक व्यक्तीचा उजवा-डावा फरक काढा आणि ते 24 फरक पाहा. माणसामाणसांतला फरक हाताहातांतल्या फरकापेक्षा बराच मोठा असतो, तो असा बाजूला पडतो.

निसटलेल्या नोंदी गाळणे ही याहून मोठी चूक आहे. पट्टी निसटली म्हणजे ती खेप सर्वांत मंद होती. मंद खेपाच फेकून दिल्या, तर ज्या हाताकडून पट्टी जास्त वेळा निसटते तोच हात चपळ दिसेल. अशा वेळी ‘30 पेक्षा जास्त’ अशी नोंद ठेवा आणि पाच खेपांची सरासरी न घेता चढत्या क्रमाने लावून मधली, म्हणजे तिसरी, नोंद घ्या. पाचपैकी दोनदा पट्टी निसटली तरी मधली नोंद शाबूत राहते.

मांडणीही तपासा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर टेकलेला आणि पंजा कडेबाहेर हवा. अंगठा व तर्जनी यांत दर वेळी तेवढेच अंतर ठेवा, 2 सेंमी पुरे. पट्टीचा शून्य अंगठ्याच्या वरच्या कडेशी धरा आणि पकडल्यावर वाचनही त्याच कडेशी घ्या. सोडणाऱ्याने ‘तयार’ म्हटल्यावर 2 ते 5 सेकंदांत कधीही पट्टी सोडावी. ठरावीक अंतराने सोडली, तर समोरचा पट्टीकडे न बघता तालावर पकडतो. 5 सेंमीच्या आत पकडलेली खेप अंदाजाने पकडलेली समजा. तेवढे अंतर पडायला फक्त 0.10 सेकंद लागतो. धावण्याच्या शर्यतीतही पिस्तुलाच्या आवाजानंतर 0.100 सेकंदाच्या आत हललेला धावपटू आवाज ऐकून निघालेला नाही असेच धरतात. अशा खेपा बाद करून पुन्हा घ्या, पण किती बाद केल्या ते अहवालात लिहा.

अंतराचा काळ करताना दुप्पट अंतराला (मीटरमध्ये) 9.8 ने भागून वर्गमूळ घ्या. 10 सेंमीला 0.143 सेकंद येतो, 15 ला 0.175, 20 ला 0.202, 30 ला 0.247. मधोमध दोन नोंदी आल्या किंवा सरासरी घ्यावीच लागली, तर आधी प्रत्येक अंतराचा काळ करा, मग सरासरी. 10 आणि 30 यांची सरासरी 20 म्हणून 0.202 लिहिले तर चुकते. दोन काळांची सरासरी 0.195 आहे.

आणि अहवालात याला ‘प्रतिक्षिप्त क्रिया’ म्हणू नका. गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो ती प्रतिक्षिप्त क्रिया. तिचा मार्ग मज्जारज्जूतूनच परततो, मेंदूच्या निर्णयाची वाट पाहत नाही. पट्टी पकडताना दृष्टिपटल, मेंदूतले दृष्टिक्षेत्र, हालचालीचे क्षेत्र, मज्जारज्जू आणि बोटे मिटवणारे हाताचे स्नायू अशी सगळी साखळी चालते. चेताआवेग सेकंदाला 50 ते 60 मीटर वेगाने धावतो, त्यामुळे मज्जारज्जूपासून पंजापर्यंतचे पाऊण मीटर जायला त्याला जेमतेम 12 ते 15 मिलिसेकंद लागतात. बाकीचा काळ डोळ्यात, मेंदूत आणि स्नायूने ताण धरण्यात जातो. ‘उजव्याच्या नसा जास्त वेगवान’ वगैरे स्पष्टीकरणाच्या मागे म्हणूनच लागू नका.

प्रश्न : 120 विद्यार्थ्यांच्या चाचणीत सरासरी 100 पैकी 55 आली. सर्वांत मागे राहिलेल्या 20 जणांची सरासरी 31 होती. त्यांचे महिनाभर जादा वर्ग घेतले आणि पुन्हा चाचणी घेतली, सरासरी 38 झाली. टी-चाचणीनुसार (दोन सरासरींची तुलना करणारी संख्याशास्त्रीय कसोटी) फरक सार्थ आहे, म्हणजे निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. कृतिसंशोधनात (शिक्षकाने स्वतःच्या वर्गावर केलेल्या संशोधनात) ‘जादा वर्ग परिणामकारक ठरले’ असे लिहिता येईल ना? (एक शिक्षिका)

उत्तर : नाही. जादा वर्ग न घेतासुद्धा ही सरासरी 38 च्या आसपास येण्याची दाट शक्यता होती.

चाचणीत तळाला गेलेल्यांत काही खरोखर कच्चे असतात आणि काहींचा त्या दिवशी घात झालेला असतो: ताप, नेमका न वाचलेला धडा, घाईत सुटलेले पान. पुढच्या वेळी तोच घात पुन्हा होत नाही, म्हणून गट आपोआप सरासरीकडे सरकतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने 1886 मध्ये आईवडील आणि मुले यांच्या उंचीत हेच दाखवले होते. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण सरासरीने तितकी नाहीत.

हिशेब करून बघा. दोन चाचण्यांतला सहसंबंध (दोन्हींतले गुण एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) 0.7 धरू, शालेय चाचण्यांत तो अगदी संभवनीय आहे. तुमचा गट सरासरीपेक्षा 24 गुणांनी खाली होता. 24 गुणिले 0.7 म्हणजे 16.8. दुसरी चाचणी तितक्याच काठिण्याची असेल, तर गट 55 वजा 16.8, म्हणजे 38.2 वर अपेक्षित होता. टी-चाचणी फरक आहे एवढेच सांगते. तो कशामुळे पडला, हे तिला ठाऊक नसते.

पुढच्या वेळी तळाचे 40 घ्या आणि चिठ्ठ्या टाकून 20-20 चे दोन गट करा. ‘ज्यांना यायला जमते ते एका गटात’ असे करू नका, ज्यांना जमते ते आधीच वेगळे असतात. दुसऱ्या गटाला वंचित ठेवणे खटकत असेल, आणि ते खटकायलाच हवे, तर त्यांचे वर्ग उत्तरचाचणीनंतरच्या (पहिल्या गटाचे वर्ग संपल्यावर घ्यायच्या चाचणीनंतरच्या) महिन्यात घ्या. उत्तरचाचणी एकाच दिवशी ठेवा. उत्तरपत्रिकांवर नावाऐवजी क्रमांक असू द्या, म्हणजे तपासणाऱ्याला गट कळणार नाही. वर्ग अर्धवट सोडणाऱ्यांचे गुणही त्यांच्या मूळ गटातच धरा.

तुलना दोन गटांच्या उत्तरचाचणीची करायची. ‘या गटातला फरक सार्थ, त्या गटातला नाही, म्हणून पद्धत चांगली’ हा युक्तिवाद प्रबंधांतही दिसतो आणि तो चूक आहे. शिवाय 20-20 च्या गटांकडून फार अपेक्षा ठेवू नका. गुणांचे प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचे माप) 12 असेल, तर दोन सरासरींतल्या फरकाला सुमारे 8 गुणांची अनिश्चितता चिकटलेली असते. वर्गांमुळे खरोखर चार गुण वाढले असतील, तर ते या गोंगाटात बुडून जातील.

प्रश्न : 100 विद्यार्थ्यांच्या बहुपर्यायी चाचणीत प्रश्न 17 फक्त 38 जणांना आला. प्रश्न 9 मात्र 70 जणांना आला. 17 वा रद्द करावा का? (जीवशास्त्राचे एक अध्यापक)

उत्तर : किती जणांना आला यावर ठरवू नका, कोणाला आला ते पाहा. उत्तरपत्रिका एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि वरच्या 27 टक्के व खालच्या 27 टक्के, म्हणजे इथे 27-27, वेगळ्या काढा. तुम्ही सोबत पाठवलेल्या तक्त्यात प्रश्न 17 वरच्या गटातल्या 19 जणांना आणि खालच्या गटातल्या 3 जणांना आला आहे. फरक 16, भागिले 27, भेदनमूल्य (प्रश्न दोन गटांना किती वेगळे करतो त्याचे माप) 0.59. 0.40 च्या वर गेले की प्रश्न उत्तम मानतात. तो कठीण आहे, पण जाणकाराला आणि अजाणाला अचूक वेगळे करतो. ठेवा.

खोट प्रश्न 9 मध्ये आहे. तो वरच्या गटात 17 जणांना आणि खालच्या गटात 21 जणांना आला, म्हणजे भेदनमूल्य उणे 0.15. हुशार मुले जास्त चुकत असतील तर आधी उत्तरसूचीवर संशय घ्यावा. तुमचा प्रश्न आहे, ‘धमन्यांतून कोणते रक्त वाहते?’ आणि सूचीत उत्तर ‘ऑक्सिजनयुक्त’. वरच्या गटातल्या उरलेल्या दहाही जणांनी ‘दोन्हीपैकी कोणतेही’ निवडले आहे, आणि बरोबर तेच आहेत. हृदयापासून दूर नेते ती धमनी. फुप्फुस धमनी ऑक्सिजन कमी असलेले रक्त फुप्फुसांकडे नेते, गर्भाच्या नाळेतल्या धमन्याही तसेच रक्त वारेकडे (प्लॅसेंटाकडे) नेतात. सूची दुरुस्त करून सर्वांचे गुण पुन्हा मोजा.

30 जणांच्या वर्गात ही रीत जपून वापरा. तिथे प्रत्येक गटात आठच जण येतात आणि एका मुलाच्या उत्तराने भेदनमूल्य 0.125 ने हलते.

प्रश्न : धडा चार वेळा वाचला की सगळे येते असे वाटते, आठवड्याने कोरी पाटी. असे का? (एक विद्यार्थी)

उत्तर : कारण ओळखीचे वाटणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हे मोजले. एका गटाने उतारा दोनदा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने पारडे फिरले: वाचणारे 42, लिहून काढणारे 56. तुम्ही स्वतःला पाच मिनिटांच्या आत जोखता, म्हणून फसता. एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर लिहा, मग उघडून लाल शाईने दुरुस्त करा. दुरुस्तीची पायरी गाळली तर चुकीचे उत्तरच घट्ट बसेल. हेच दुसऱ्या दिवशी आणि पुन्हा चार-पाच दिवसांनी करा.

प्रश्न : नाडी 10 सेकंद मोजून 6 ने गुणतो. कधी 72 येते, कधी 78, मधला आकडा कधीच येत नाही. (एक वाचक)

उत्तर : येणारच नाही. 12 ठोक्यांचे 72 होतात, 13 चे 78. एका ठोक्याची चूक सहापट होते. पाच मिनिटे शांत बसून पूर्ण 60 सेकंद मोजा. व्यायामानंतर मात्र नाडी भराभर उतरते, तिथे 15 सेकंद मोजून चारने गुणणेच बरे. तर्जनी आणि मधले बोट वापरा, अंगठ्याची स्वतःची नाडी जाणवू शकते. घड्याळ ठोक्यावर सुरू केलेत तर तो पहिला ठोका ‘एक’ नव्हे, ‘शून्य’ म्हणून धरा.