फाल्गुनात मचूळ होणारी विहीर

जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेले आमचे सदरलेखक या अंकात किनारी तालुक्यांतून आलेल्या तीन पत्रांना उत्तरे देत आहेत.

प्रश्न : आमचे गाव गुहागर तालुक्यात खाडीलगत असून वस्ती साधारण 600 आहे. नळयोजनेची विहीर खाडीपासून 300 मीटरवर आहे. तिचा व्यास 3 मीटर आणि खोली 9 मीटर आहे. दिवाळीपर्यंत पाणी गोड असते, शिमग्याच्या सुमारास मचूळ लागू लागते आणि मे महिन्यात चाकरमानी येतात तेव्हा त्यात डाळसुद्धा नीट शिजत नाही. पाऊस तर आमच्याकडे भरपूर पडतो. विहीर आणखी 3 मीटर खोल करावी, असे ग्रामसभेत काहींचे म्हणणे आहे, तर काहींना शेजारी बोअर मारून हवी आहे. कोणते म्हणणे बरोबर आहे?
– ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे एक सदस्य

उत्तर : आपण दिलेल्या माहितीवरून मला दोन्ही म्हणणी चुकीच्या दिशेची वाटतात. विहीर खोल करणे तर अधिकच, कारण आपला त्रास पाणी कमी पडण्याचा नसून खालून आणि बाजूने खारे पाणी आत येण्याचा दिसतो.

पावसाचा मुद्दा आधी घेतो, कारण ग्रामसभेत तो हमखास निघतो. कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण त्याचे जवळजवळ सगळे पाणी चार महिन्यांत येते आणि तितक्याच घाईने निघूनही जाते. सड्यावरचा, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाटीवरचा, जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्यात झटकन मुरते, खालच्या चिकट शेडी मातीपाशी अडते आणि डोंगराच्या कुशीतून झऱ्यांच्या वाटेने पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, उतरते. मार्गशीर्ष-पौषापर्यंत हे झरे बारीक होतात. खाडीला वरून मिळणारे गोडे पाणी आटले, की भरतीचे खारे पाणी खाडीत अधिक आतवर सरकते आणि नेमक्या त्याच दिवसांत आपला पंप अधिक तास चालतो.

समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा थोडे जड असते. त्यामुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. घायबेन आणि हर्झबर्ग या दोघांनी मांडलेला हिशेब असा, की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असेल, तर खाली सुमारे 40 मीटरपर्यंत गोडे पाणी असते. याची दुसरी बाजू अशी, की उपसा करून वरची पातळी 1 मीटरने उतरवली आणि ती तशीच राहू दिली, तर खालचे खारे पाणी कालांतराने 40 मीटरने वर सरकू शकते. पुळणीत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, हे गणित बऱ्यापैकी लागू पडते. कातळात मात्र पाणी भेगांच्या वाटेने फिरते, तेथे ते जसेच्या तसे धरू नये. पण दिशा दोन्हीकडे तीच असते. आपल्या विहिरीजवळची जमीन समुद्रसपाटीपासून 6 मीटर उंच आहे असे धरले, तर विहिरीचा तळ आजच समुद्रसपाटीच्या 3 मीटर खाली आहे. आणखी 3 मीटर खोदाई म्हणजे खाऱ्या पाण्याकडे स्वखर्चाने केलेली वाटचाल होय. विहिरीतला गाळ अवश्य काढावा, पण तळ फोडू नये. शेजारच्या बोअरलाही हेच लागू आहे, कारण ती विहिरीच्याही खाली जाणार.

आता उपशाचा हिशेब पाहू. जलजीवन मिशनच्या निकषाप्रमाणे माणशी रोज 55 लिटर धरले, तर 600 माणसांना 33,000 लिटर पाणी लागते. 3 मीटर व्यासाच्या विहिरीत 1 मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे 7,000 लिटर. झरे मंदावलेल्या दिवसांत आपण हे 33,000 लिटर पाणी पहाटे एका दमात उपसत असाल, तर पातळी चार-साडेचार मीटर खाली जाते आणि ती पोकळी भरायला जे पाणी सर्वांत जवळ आहे ते धावते. आपल्याकडे ते खाडीचे आहे. हाच उपसा पहाटे, दुपारी आणि रात्री असा तीन तुकड्यांत करून मध्ये विहिरीला झिरपू दिले, आणि फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या नळाचे पाणी ओढणारे टोक) तळापासून वर घेतला, तर खारटपणा बराच उतरू शकतो. या उपायाला खर्च जवळजवळ नाही, आणि बहुधा म्हणूनच तो ग्रामसभेत कोणी सुचवत नाही.

खारे पाणी थोडेसेच मिसळत असेल, असे समजून दुर्लक्ष करू नये. समुद्राच्या एका लिटरात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि त्यांतले 19 ग्रॅम क्लोराइड असते. 100 लिटरांत अवघे 2 लिटर समुद्राचे पाणी आले, तरी क्लोराइड लिटरमागे 380 मिलिग्रॅमने वाढते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ते 250 पर्यंत असावे. दुसरा उद्भव, म्हणजे पाण्याचा दुसरा स्रोत, नसेल तरच 1000 पर्यंत चालवून घेतले जाते.

म्हणून कोणताही ठराव करण्यापूर्वी पंचायत समितीच्या पाणीपुरवठा उपविभागाकडून, किंवा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाकडून, विहिरीची मोजणी करून घ्यावी. जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची, पंप सुरू करण्यापूर्वीची व बंद केल्यानंतरची पातळी, पातळी पूर्ववत होण्यास लागणारा वेळ आणि क्लोराइड, एवढ्या गोष्टी त्यांत हव्यात. नमुना भरतीला एक आणि ओहोटीला एक असा घ्यायला सांगावे, आणि जमल्यास अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा दिवस धरावा. हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका विहिरीचा नमुना मी ओहोटीच्या वेळी घेतला आणि पाणी उत्तम असल्याचा शेरा लिहून आलो. तेथील बायकांनी पुढच्या खेपेला भरतीच्या पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला.

मोजणीतून माझा अंदाज खरा ठरला, तर नवा उद्भव खाडीपासून दूर, पऱ्याच्या वरच्या अंगाला शोधावा. तो उथळ पण रुंद असावा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पऱ्याला धार असतानाच या उद्भवाच्या खालच्या बाजूला सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा वनराई बंधारा घालावा. जानेवारीत घातलेला बंधारा पाहुण्यांना दाखवण्यापुरताच उपयोगी असतो.

प्रश्न : देवगड तालुक्यात आमच्या आगरातल्या विहिरीवर दरवर्षी एक सरकारी माणूस टेप घेऊन येतो, आत सोडतो, वहीत आकडा लिहितो आणि निघून जातो. विहीर आमच्या मालकीची आहे. पुढे पाण्यावर कर बसवण्याची ही तयारी तर नव्हे?
– एक बागायतदार

उत्तर : तशी भीती बाळगण्याचे कारण नाही. आपली विहीर भूजल यंत्रणेची निरीक्षण विहीर म्हणून निवडलेली असावी. पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या पातळ्यांमधला फरक हा त्या परिसरातील जमिनीत किती पाणी मुरले याचा पुरावा असतो, आणि भूजलाचे मूल्यांकन अशाच नोंदींवर उभे राहते. विहिरीच्या काठावर रंगाची एक खूण दिसेल. टेप दरवेळी तेथूनच सोडायची असते, नाहीतर दहा वर्षांच्या नोंदी वाया जातात. काठाची दुरुस्ती केलीत आणि खूण गेली किंवा काठ उंच झाला, तर तसे त्या माणसाला आवर्जून सांगावे. तो येण्याच्या काही तास आधी पंप बंद ठेवता आला तर फारच चांगले, कारण उपशाच्या वेळची पातळी ही जमिनीची नसून आपल्या पंपाची असते. आकडा विचारून घ्या आणि स्वतःच्या वहीतही लिहा.

नव्या विहिरीपुरता कायदा मात्र लक्षात असू द्यावा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. हे बंधन 1993 च्या कायद्यापासून आहे.

प्रश्न : आमच्या वाडीच्या विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर दोन दिवस पाण्याला इतका वास येतो, की माणसे पऱ्याचे पाणी भरतात. पावडर किती टाकावी?
– एक जलसुरक्षक, दापोली तालुका

उत्तर : पावडर अंदाजाने पडत असणार. विहिरीचा व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग 785 ने गुणावे. येणारा आकडा लिटरचा असतो. 3 मीटर व्यास आणि 2 मीटर पाणी असेल तर 14,130 लिटर होतात. 1000 लिटरला 5 ग्रॅम या प्रमाणाने चांगल्या प्रतीची पावडर सुमारे 70 ग्रॅम लागते. एप्रिलमध्ये पाणी निम्मे झाले, की पावडरही निम्मी करायची असते, आणि वासाची बहुतेक गाऱ्हाणी हे विसरल्यामुळे येतात.

पावडर कोरडी टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून चुन्याचा गाळ खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत खालपर्यंत सोडावी आणि वर-खाली हलवावी. अर्ध्या तासाने ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणी करावी; तिच्या द्रावणाने पाण्याला येणाऱ्या पिवळ्या रंगावरून शिल्लक क्लोरीन कळते. लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले तर मात्रा बरोबर आहे. रंग अजिबात आला नाही तर पोते उघडे राहून पावडर मेलेली असण्याची शक्यता आधी तपासावी, आणि ती जास्त टाकण्याऐवजी ग्रामपंचायतीकडून नवी मागून घ्यावी.