ॲव्हरेजचं विचारलंत, पण आधी ती पॉलिसी परत करा

पत्र थोडक्यात असं: ‘महिन्यापूर्वी तीनचाकी टूरिंग मोटरसायकल घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, इंजिन १३३० सीसी. विक्रेता म्हणाला होता लिटरला २० देईल; मिळतात जेमतेम १५. वर्षाला १२,००० किलोमीटर फिरायचा बेत आहे. इंधनाच्या नळीवर बसवायचं, २० टक्के बचतीची हमी देणारं यंत्र घ्यावं, की ही गाडी देऊन दोनचाकी टूरर घ्यावी? बाकी आर्थिक काळजी नाही. कर्जाचा शेवटचा मोठा हप्ता फिटावा म्हणून विक्रेत्याकडच्याच सल्लागाराने गुंतवणुकीची पॉलिसी काढून दिली आहे, तिचे कागद मागच्या आठवड्यात आले.’

तुम्हाला जिथे काळजी नाही, ती एक जागा सोडून बाकी सगळं ठीक आहे.

तुमचे आकडे इथे छापत नाही. गाडीची किंमत १०० धरू आणि सगळं त्या मापात मोजू. आधी इंधन. १२,००० किलोमीटरला १५ च्या ॲव्हरेजने ८०० लिटर लागतं. तुम्ही कळवलेल्या भावाने त्याचा वर्षाचा खर्च येतो ४. समजा उद्यापासून गाडी लिटरला १८ द्यायला लागली, तरी वर्षाला वाचणार पाऊणपेक्षा कमी. दोनचाकी टूररने २० दिले तर वाचेल १. आणि आजची गाडी विकायला काढलीत तर १५ तरी बुडतील. म्हणजे एक-एक करत ते भरून यायला पंधरा वर्षं. हा विचार इथेच सोडा.

आता पॉलिसी. पाठवलेल्या करारानुसार तुम्ही २० रोख भरलेत, ८० कर्ज घेतलंत. व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. महिन्याचा हप्ता १.१८, आणि पाच वर्षं संपताना एकरकमी ४०. हप्ता हलका वाटावा म्हणून केलेली ही रचना. तिच्यापायी व्याज जातं ३१. साध्या हप्त्यांत तेच २२ गेलं असतं. नऊ इथेच वाढले. त्यावर हे ४० उभे करायला तुम्हाला वर्षाला ६ चा प्रीमियम लावून दिलाय. पाच वर्षांत भरणार ३०, होणार म्हणे ४०.

कसे होणार, ते सल्लागाराने सांगितलं नसेल. आकारणीच्या तक्त्यात बघा, पहिल्या वर्षाच्या प्रीमियमचा तिसरा हिस्सा खर्चापोटी जातो, पुढे दरवर्षी दहावा. प्रत्यक्ष गुंततात साडेपंचवीसच्या आसपास. त्यांचे ४० व्हायचे तर दरसाल १६ टक्के परतावा हवा, तोही पाच वर्षं न चुकता. ८ टक्के मिळाले तर हातात येतील ३२. उरलेले ८ कुठून आणणार? आणि त्याच वर्षी बाजार पडलेला असला तर? कर्ज देणारा बाजार सावरेपर्यंत थांबत नसतो.

आता हे बघा. वर्षाला ६ म्हणजे महिन्याला अर्धा. १.१८ मध्ये तो मिळवा: १.६८. शेवटचा डोंगर न ठेवता ८० चं कर्ज पाच वर्षांत सरळ फेडायचं तर हप्ता पडतो १.७०. खिशातून तेवढेच पैसे गेले असते आणि ते ४० देणं उरलंच नसतं. १० टक्क्यांचं कर्ज फेडलं की १० टक्के वाचतात, खात्रीने, आकारणीशिवाय. हे सल्लागाराला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. कर्ज फेडण्यावर त्याला कमिशन नसतं, एवढंच.

‘पण विमा मिळतो ना!’ मिळतो, ६० चा. कर्ज ८० चं आहे. घरात कोणी तुमच्या कमाईवर अवलंबून असेल तर साधा टर्म विमा घ्या, म्हणजे गुंतवणूक नसलेला, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. तो याच्या तुलनेत किरकोळ पैशात, कितीतरी मोठ्या रकमेचा मिळतो.

पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ती परत करण्याची मुदत असते, ठिकाणानुसार साधारण दहा ते तीस दिवस. तुमचा आठवडा गेलाय. आजच लेखी कळवा, पोच घ्या. सल्लागार फोन करील, ‘नुकसान होईल’ म्हणेल; त्याचं होईल. मग कर्ज देणाऱ्याकडून लिहून घ्या की हप्ता १.७० करून शेवटचा मोठा हप्ता काढता येतो का. नाही म्हणाले तर जादा रक्कम मुदलात भरता येते का आणि त्यावर दंड किती, ते विचारा. दंड फार असेल तर महिन्याचा तो अर्धा साध्या मुदत ठेवीत टाकत जा. परतावा कमी मिळेल, पण वाटेत कोणी खाणार नाही.

राहिलं ते यंत्र. किंमत तुम्ही लिहिलीय २. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरावर उपकरणं तपासली. लक्षणीय बचत करणारं एकही निघालं नाही. घेऊ नका.

ॲव्हरेज हवंच असेल तर वेग उतरवा. साडेचारशे किलोच्या पुढचं हे धूड वळणात झुकत नाही, पुढून रुंद आहे, तीन टायर रस्त्याला घासतात. दोनचाकीशी त्याची बरोबरी नाहीच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. १२० वरून १०० वर आलात तर तो तीस टक्क्यांनी घटतो, आणि लिटरमागे दोनेक किलोमीटर तिथेच मिळू शकतात. वरचा गिअर लवकर टाका, टायर थंड असताना त्यांतली हवा तपासा, समोरची काच गरजेपुरतीच वर घ्या. आणि डॅशबोर्डवरच्या आकड्यावर भांडू नका. टाकी काठोकाठ भरा, पुन्हा भरताना किती लिटर बसलं ते बघून भागाकार करा, असं तीन-चार टाक्या. नवं इंजिन अजून मोकळं व्हायचंय, तेव्हा महिन्याच्या अनुभवावरून निकाल लावू नका. आणि ट्रेलर लावून काढलेला आकडा यात मिसळू नका.

ताजा कलममध्ये महागड्या पेट्रोलबद्दल विचारलंत. मॅन्युअलमध्ये जो ऑक्टेन (पेट्रोल इंजिनात अवेळी पेटू न देण्याची क्षमता सांगणारा आकडा) सांगितलाय त्याचंच पेट्रोल भरा. त्याहून वरच्या आकड्याचं भरून ॲव्हरेज वाढत नाही.